मॉसचे बीजाणू घरच्या घरी कसे बघायचे

पुण्यात पाऊस ओसरला ना की जुन्या वाड्याच्या भिंतीवर, कुंडीच्या कडेला नीट बघा, मॉसच्या हिरव्या मखमलीतून केसाएवढे बारीक दांडे वर आलेले असतात आणि टोकाला इवलीशी खाली झुकलेली बोंडं, त्यातच बीजाणू, म्हणजे नवीन मॉस उगवणारे सूक्ष्म दाणे. बोंड हिरवं असेल तर थांबा, तपकिरी झालं की एकच दांडा चिमट्याने उचला, अख्खा गठ्ठा उपटू नका प्लीज, तो वाढायला खूप वेळ लागतो.

आता सुईने वरचं झाकण अलगद काढा. फ्युनारिया (मॉसचाच एक प्रकार) मिळाला असेल तर खाली दातांची दुहेरी रांग दिसेल, प्रत्येकीत १६ दात, आणि खरी मजा इथेच आहे, भिंगातून बघत त्यावर हळूच श्वास सोडा, ओलाव्याने दात मिटतात, सुकले की परत उघडतात, म्हणजे कोरड्या हवेतच बीजाणू बाहेर पडतात आणि वाऱ्यावर लांब जातात! मी तर दहा-दहा वेळा करून बघते.

मग काचेवर पाण्याचा थेंब टाका, त्यात बोंड झटका, फोल्डस्कोपखाली (कागदी सूक्ष्मदर्शकाखाली) धरा, गोल गोल दाणे दिसतील.

एवढ्याशा दाण्याची झेप बघा, आइसलँडजवळ १९६३ साली समुद्रातून ज्वालामुखीचं सुर्त्से बेट वर आलं आणि १९६७ मध्ये तिथे जे पहिले मॉस सापडले त्यात हाच फ्युनारिया होता.

फलनाला मात्र पाणी लागतंच, नरपेशी पोहत जातात, म्हणून कुंडी ओली ठेवा.