जोड्या लावण्याआधीचे तीन आठवडे

दिवस मोठे होऊ लागले की कोंबड्या अंड्यावर येतात. शुद्ध जातीची पिल्ले काढायची असतील तर नको असलेले कोंबडे त्याआधीच कळपातून वेगळे करा. नराचे बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी तीनही टिकते. म्हणून नर बदलल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत पडलेली अंडी खा, उबवायला ठेवू नका. मी एकदा घाई केली. काळ्या कोंबड्यांतला पट्टेदार कोंबडा काढून काळा सोडला आणि नवव्या दिवसापासून अंडी साठवली. पिल्ले निघाली तर कित्येकांच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका! ठिपका ही पट्ट्यांची खूण, म्हणजे ती सगळी जुन्या नराची. वर्ष वाया गेले.

निवडताना आधी अंगकाठी बघा. वाकडी चोच, वाकडी बोटे, जातीला न शोभणारा तुरा असलेला पक्षी रंगाने कितीही देखणा असो, जोडीत घेऊ नका. हलक्या जातीत एका नरामागे 10 ते 12 माद्या चालतात, भारी जातीत 6 ते 8.

रंगात सगळ्यात जास्त गोंधळ निळ्याचा, म्हणजे निळसर राखाडी पिसांचा. निळा गुणिले निळा केले की सगळी पिल्ले निळी यावीत, अशी अपेक्षा असते. ती येत नाहीत. चारात सरासरी एक काळे, दोन निळी आणि एक पांढरट, निळे शिंतोडे उडालेले. लगेच 'भेसळ निघाली' म्हणून विकणाऱ्यावर चिडायचे कारण नाही, निळा रंग मुळात आई-बापाकडून आलेल्या एका काळ्या आणि एका फिकट वाट्याचा बनलेला असतो. सगळीच निळी हवीत तर काळा आणि शिंतोड्याचा पक्षी एकत्र लावा. म्हणजे ज्या पिल्लांना लोक नापास करून टाकतात, तीच कामाची! लॅव्हेंडर मात्र वेगळा. दिसायला निळ्याच्या जवळचा, पण दोन लॅव्हेंडर लावले की पिल्ले लॅव्हेंडरच येतात.

पट्टेदार जातीत नर मादीपेक्षा फिकट दिसतो. त्याला पट्ट्याचे दोन वाटे मिळतात, मादीला एकच. तो अशुद्ध नव्हे. हा गुण लिंगाशी जोडलेला आहे, म्हणून पोरींचे पट्टे बापाकडूनच येतात. काळा नर आणि पट्टेदार मादी लावली तर पट्टे फक्त पोरांना मिळतात, पोरी काळ्या राहतात. पहिल्याच दिवशी डोक्यावरचा ठिपका बघून नर-मादी ओळखता येतात. पण ती पिल्ले पट्टेदार वाण टिकवायला पुढच्या जोडीत घेऊ नका.

उबवणीची अंडी मोठे टोक वर करून थंड जागी ठेवा, सात दिवसांपेक्षा जुनी शक्यतो नकोत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा: लाल शिरांचे जाळे दिसले नाही तर अंडे काढा. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतील.

प्रत्येक जोडीच्या पिल्लांच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे घाला आणि वहीत नर-मादी, तारीख लिहा. पाय जाड होत जातो, तसे कडे वेळीच बदला, नाहीतर ते मांसात रुततात. आणि तलंगांचा, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांचा, रंग पहिल्या पिसांवरून ठरवून छाटणी करू नका. पक्की पिसे येऊ द्या.