बालगृहाची तपासणी आणि त्यानंतरचा पाठपुरावा

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 54 नुसार तपासणी समितीने प्रत्येक बालगृहाला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. पथकात किमान तीन सदस्य असावे लागतात आणि त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक आहे. भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा आणि त्यावर महिनाभरात कार्यवाही व्हायची, ही मुदत कायद्यातच आहे. 2021 च्या दुरुस्तीपासून हा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्यामुळे समितीच्या शेऱ्यांना वजन आले आहे, अर्थात ते शेरे नेमके असतील तर.

निघण्यापूर्वी मागील अहवाल आणि त्यावरील पूर्तता अहवाल (दाखवलेल्या त्रुटींवर काय केले, याचा अहवाल) समोरासमोर ठेवून वाचावेत, तसेच नोंदणी प्रमाणपत्राची पाच वर्षांची मुदत आणि मंजूर प्रवेशक्षमता पाहून घ्यावी. भेटीची वेळ दर खेपेला बदलावी, कारण सकाळी अकराला गेल्यास मुले शाळेत असतात आणि तपासणी रिकाम्या इमारतीची होते. संध्याकाळची भेट गैरसोयीची असली तरी तीच अधिक सांगून जाते.

अधीक्षकांच्या खोलीत चहा घेत नोंदवह्या चाळण्यापासून सुरुवात करण्याचा प्रघात मोडावा आणि आधी इमारत पाहावी. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक स्नानगृह हवे. मात्र मोजताना पाणी येणारी आणि आतून कडी लागणारी तेवढीच धरावीत. कोठारातील धान्य साठा नोंदवहीशी ताडून पाहावे. सूचनापेटी कार्यालयाच्या दारात आहे की मुलांच्या वावराच्या जागी, ती शेवटची कधी उघडली आणि किल्ली कोणाकडे असते, हे विचारावे. मुलांच्या वजनाच्या नोंदी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः पाहाव्यात.

सर्वाधिक वेळ मुलांसाठी राखावा. 2018 साली बिहारमधील मुझफ्फरपूर येथील सरकारी निधीवर चालणाऱ्या बालिकागृहातील लैंगिक शोषण पुढे आले ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सामाजिक अंकेक्षणातून (लाभार्थ्यांशी प्रत्यक्ष बोलून केलेल्या पडताळणीतून), आणि एवढे एक उदाहरण कागदोपत्री तपासणीची मर्यादा दाखवण्यास पुरेसे आहे. मुलांशी बोलताना कर्मचारी नजरेच्या टप्प्यातही नसावेत. ‘जेवण चांगले मिळते का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘काल रात्री काय जेवलात?’, ‘रात्री बरे वाटेनासे झाले तर कोणाला उठवता?’, ‘चूक झाली तर काय होते?’ असे विचारावे. लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास पोक्सो कायद्याच्या (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012) कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला तत्काळ कळवणे बंधनकारक आहे. तेथे आठवड्याच्या मुदतीची वाट पाहायची नाही आणि मुलाला तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायलाही लावायचे नाही.

प्रत्येक मुलाच्या गरजा आणि पुढील वाटचाल नोंदवणाऱ्या वैयक्तिक काळजी आराखड्यांपैकी काही स्वतः निवडून वाचावेत. चार फायलींत एकच वाक्य उतरवलेले आढळले, तर आराखडा केवळ तपासणीसाठी लिहिला गेला असे समजण्यास हरकत नाही. संस्थेत ठेवणे हा कायद्याच्या दृष्टीने शेवटचा उपाय असल्याने, कुटुंबाशी शेवटचा संपर्क कधी झाला आणि घरी परतण्याच्या दिशेने काय घडले, याची तारखेसह नोंद हवी.

अहवालात ‘स्वच्छतेत सुधारणा आवश्यक’ असे लिहिल्याने कोणावरच काही बंधन येत नाही. ‘मुलींच्या बाजूच्या पाच शौचालयांपैकी जिन्यालगतच्या दोन शौचालयांना आतून कडी नाही, पंधरा दिवसांत बसवावी, जबाबदारी अधीक्षकांची’ असे लिहिले की पुढच्या भेटीत ते पडताळता येते. रिक्त पदे आणि रखडलेले अनुदान या शासनाच्या अखत्यारीतील त्रुटी वेगळ्या नोंदवाव्यात; त्यांचे खापर अधीक्षकांवर फोडणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्याने पदही भरले जात नाही.

पूर्तता अहवालासोबत आलेली छायाचित्रे पुरावा म्हणून स्वीकारू नयेत. पुढच्या भेटीत प्रथम तीच ठिकाणे पाहावीत. तोच गंभीर दोष वारंवार आढळल्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 41 खाली नोंदणी रद्द करण्याच्या कार्यवाहीची शिफारस करावी, परंतु मुलांच्या पर्यायी व्यवस्थेबाबत बालकल्याण समितीशी (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीशी) आधी बोलून, प्रत्येक मुलाची शाळा, सुरू असलेले औषधोपचार आणि एकत्र राहणारी भावंडे यांची यादी त्या शिफारशीसोबतच जोडावी.