उन्हाळी भाजीपाल्याचा तरू (लावणीसाठीची रोपे): पौषाच्या थंडीत ऊब द्यावी, पाणी आवरावे

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी भागात उन्हाळी टोमॅटो, वांगी व मिरचीची लावण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायची असेल, तर बी डिसेंबरअखेरपासून संक्रांतीपर्यंत टाकणे भाग आहे. फुलोऱ्याच्या वेळी दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २२ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोचे परागकण निकामी होऊन फुले गळतात. मार्चअखेरपासून आपल्याकडे तशी वेळ येऊ लागते, आणि गोकाक, रायबाग, अथणीकडे तर ऊन अधिकच कडक असते. रोप वेळेवर रानात गेले तर पहिले घोस त्याआधीच धरतात आणि वळवाचा पाऊस व गारपीट सुरू होण्यापूर्वी बराचसा माल बेळगावच्या बाजारात व तेथून गोव्याकडे गेलेला असतो.

अडचण अशी की बी टाकण्याचा हा काळच वर्षातला सर्वांत थंड. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगाव परिसरात पहाटेचे तापमान १४-१५ अंशांपर्यंत उतरते, आणि खानापूरच्या जंगलाकाठच्या गावांत दवही भरपूर पडते. टोमॅटोचे बी २५ ते ३० अंशांत सहा दिवसांत उगवते. सतत १५ अंश मिळाले तर त्याला चौदा दिवस लागतात. मिरचीचे बी अधिक नाजूक आहे: ३० अंशांत आठ दिवस, २० अंशांत बारा-तेरा, आणि १५ अंशांत जवळजवळ पंचवीस. इतके दिवस ओल्या मातीत पडून राहिलेले बी बहुधा कुजते, आणि मग दोष बियाण्याच्या कंपनीला दिला जातो. म्हणून मिरचीचे बी सर्वांत आधी, डिसेंबरच्या शेवटी टाकावे, कारण तिचे रोप लावणीस येण्यास ४० ते ४५ दिवस लागतात. त्यानंतर वांगी, त्यांना ३० ते ३५ दिवस पुरतात. आणि २५ ते ३० दिवसांत तयार होणारा टोमॅटो जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात टाकला तरी चालतो.

बी किती टाकावे याचा हिशेब रानावरून करावा. टोमॅटो चार फूट बाय दीड फुटावर लावल्यास एका गुंठ्यात सुमारे १८० रोपे बसतात, म्हणजे ९८ खाचांचे दोन ट्रे एका गुंठ्याला पुरून थोडी रोपे नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरण्यास उरतात. मात्र त्याआधी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मे महिन्यापर्यंत किती गुंठ्यांना पुरेल ते पाहावे. एप्रिलमध्ये पाणी कमी पडून अर्धा एकर वाळू देण्यापेक्षा दहा गुंठे नीट भिजवलेले केव्हाही बरे. पाकिटावरील लॉट क्रमांक, उगवणचाचणीची तारीख आणि मुदत पाहूनच बी घ्यावे, आणि पावतीसह रिकामे पाकीटही जपून ठेवावे. रंग दिलेल्या बियाण्यावर बुरशीनाशक आधीच चोळलेले असते. ते पुन्हा भिजवू किंवा चोळू नये.

ट्रे भरण्यासाठी धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्यावे. मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीतून एक-दोन थेंबच यावेत. धार लागली तर ते पसरून थोडे सुकू द्यावे. प्रत्येक खाचेत अर्धा सेंटिमीटर खोल एकच बी टाकून वर कोकोपीटचा पातळ थर द्यावा. बी फार वर राहिले किंवा वरचा थर सुकला तर बियाचे टरफल टोपीसारखे दोन्ही दलांवर अडकून राहते आणि रोप वाकते. भरलेले ट्रे एकावर एक रचून, वर एक रिकामा ट्रे ठेवून, संपूर्ण थप्पी प्लॅस्टिकच्या कागदाने गुंडाळावी आणि उघड्या अंगणात न ठेवता घरात, चुलीच्या खोलीत किंवा गोठ्यालगतच्या बंद खोलीत ठेवावी. एवढ्या उबेनेही उगवणीचे बरेच दिवस वाचतात. टोमॅटोचे ट्रे चौथ्या दिवसापासून आणि मिरचीचे सहाव्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ उघडून पाहावेत. शेकडा पाच-दहा कोंब दिसताच थप्पी मोडून ट्रे उजेडात मांडावेत. येथे एका दिवसाची हयगय झाली तरी रोपे पांढरी, लांबट होतात आणि पुढे ती सुधारत नाहीत.

ट्रे बाहेर आल्यावर पहिले दहा-बारा दिवस सर्वांत जोखमीचे असतात, आणि या काळात थंडीपेक्षा थंडीतले जादा पाणी अधिक रोपे मारते. पिथियम व रायझोक्टोनिया या बुरशींना गार, सतत ओले माध्यम मानवते. रोपाचा मातीलगतचा भाग आधी पाणीदार दिसतो, मग दोऱ्याइतका बारीक होतो आणि वरची पाने हिरवी असतानाच रोप आडवे पडते. आडवे पडलेले रोप वाचत नाही. त्याच्या खाचेसह शेजारच्या खाचाही रिकाम्या करून, पाणी एक दिवस थांबवून, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड या तांब्याच्या बुरशीनाशकाची आळवणी करावी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतावे. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरणाऱ्यांनी तो बी टाकण्याच्या आठवडाभर आधीच ओलसर शेणखतात किंवा गांडूळखतात मुरवून ठेवावा, कारण थंडीत त्याची वाढ मंद असते; तांब्याच्या औषधाबरोबर तो देऊ नये.

पाणी सकाळी दहानंतर, बारीक छिद्रांच्या झारीने द्यावे, म्हणजे संध्याकाळपूर्वी पाने कोरडी होतात. रात्रभर उघड्या टाकीत गारठलेल्या पाण्यापेक्षा विहिरीतून ताजे उपसलेले पाणी जानेवारीत उबदार असते; तेच वापरावे. पाणी हवे की नको हे वरचा रंग पाहून ठरवू नये, ट्रे एका कडेने उचलून पाहावा. हलका लागला तरच पाणी द्यावे. रात्री बांबूच्या कमानींवर प्लॅस्टिक ओढावे, पण ऊन वर येताच ते काढावे, नाहीतर आत घाम धरून बुरशीला वावच मिळतो. जानेवारीत शेडनेटची सावली करू नये. ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी मात्र पहिल्या दिवसापासून चारही बाजूंनी बंद हवी, कारण मिरचीचा बोकड्या आणि टोमॅटोचा पर्णगुच्छ हे पाने आकसवणारे रोग पांढरी माशी व फुलकिड्यांमुळे रोपवाटिकेतूनच शेतात जातात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित टोमॅटो पर्णगुच्छाला बऱ्याच अंशी दाद देत नाही, तरी जाळी टाळण्याइतका भरवसा त्यावर ठेवू नये.

निपाणी, चिकोडी भागातील शेतकरी बंधू-भगिनींनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. याच दिवसांत तंबाखूची कामे चालू असतात, आणि तंबाखूवरील मोझॅक विषाणू वाळल्या पानातही जिवंत राहून हातांवाटे टोमॅटो व मिरचीच्या रोपांत जातो. त्याला पसरण्यासाठी कोणत्याही कीटकाची गरज लागत नाही आणि त्यावर औषधही नाही. तंबाखूच्या रानातून आल्यावर, तसेच तंबाखू मळून खाल्ल्यावर, साबणाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नये. विरळणी आणि लावणीसाठी येणाऱ्या मजुरांनाही पाणी व साबण बांधावर ठेवून द्यावा.

काकडी, दोडका, कारले व दुधी यांची मुळे हलवलेली सोसत नाहीत. त्यांचे बी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या खाचांच्या ट्रेमध्ये टाकून दोन पाने येताच, १२ ते १५ दिवसांत लावावे. कारल्याचे टणक बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात, उबेला ठेवावे आणि मोड दिसल्यावरच टाकावे. भेंडी आणि गवारीचा तरू टाकू नये. थंडी ओसरल्यावर सरळ रानातच टोकावी.

गादीवाफ्यावर तरू टाकणाऱ्यांनी वाफा एक मीटर रुंद व अर्धा वीत उंच ठेवून बी ओळीत पेरावे, फोकू नये.

रोपे पंधरा दिवसांची झाल्यावर लिटरला दोन ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत एकदा द्यावे. युरिया देऊ नये, त्याने रोप लुसलुशीत होऊन किडीला बळी पडते. लावणीआधीच्या आठवड्यात पाणी कमी करून रोपांना पूर्ण ऊन द्यावे, मात्र जाळी काढू नये. लावणीच्या दोन आठवडे आधी रानाच्या कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी पेराव्यात, म्हणजे पांढऱ्या माशीला थोडा अडसर होतो. लावण दुपारी चारनंतर, वाफसा आलेल्या सरीवर करावी. रोगाची ओळख पटत नसेल तर आजारी रोप मुळांसकट कागदी पिशवीत घालून जवळच्या रयत संपर्क केंद्रात, तालुक्याच्या बागायत खात्यात किंवा मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे आणि त्यानंतरच औषध विकत घ्यावे.