नवी प्रजाती म्हणण्यापूर्वी टाइप नमुना पाहा

वनस्पती वर्गीकरणात संशोधनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला द्विनाम पद्धती नव्याने शिकवावी लागत नाही. वनस्पतींच्या नावांची गणना लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून होते, हेही त्याला ठाऊक असते. तरीही बहुतेकांचे काम सुरुवातीला एकाच ठिकाणी अडते. माझेही तिथेच अडले होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

सह्याद्रीतील एखाद्या सड्यावर कंदीलपुष्पाचे, म्हणजे सेरोपेजियाचे, रोप सापडते. फ्लोरातील, म्हणजे प्रदेशातील वनस्पतींची वर्णने देणाऱ्या ग्रंथातील, की (टप्प्याटप्प्याने ओळख पटवणारा तक्ता) लावत गेल्यावर पाने जुळतात, पण फुलाच्या आतला कोरोना (मुकुटासारखा भाग) वर्णनाशी जुळत नाही, आणि मनात लगेच ‘नवी प्रजाती’ येते. येथे थांबलेच पाहिजे. फ्लोरातील वर्णन हा त्या लेखकाने पाहिलेल्या मोजक्या नमुन्यांचा गोषवारा असतो. प्रजातीचे नाव वर्णनाला बांधलेले नसून टाइप नमुन्याला, म्हणजे बहुधा एखाद्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जपून ठेवलेल्या वाळवलेल्या रोपाच्या शीटला, बांधलेले असते. तुमचे रोप वर्णनाशी जुळत नसले तरी त्या प्रजातीच्या मर्यादेत बसत असेल, तर प्रजाती जुनीच आहे आणि अपुरे आहे ते वर्णन. शिवाय समानार्थी, म्हणजे त्याच प्रजातीचे दुसरे नाव, ठरवून बाजूला टाकलेल्या प्रत्येक नावालाही स्वतःचा टाइप असतो. तुमचे रोप त्यांपैकी एखाद्याशी जुळले आणि ती प्रजाती खरोखर वेगळी ठरली, तर अग्रक्रमाच्या, म्हणजे आधी दिलेले नाव ग्राह्य धरण्याच्या, नियमानुसार ते जुने नावच पुन्हा वापरावे लागते. होलोटाइप (मूळ लेखकाने ठरवलेला टाइप) नसेल, तर लेक्टोटाइप (मूळ सामग्रीतून नंतर निवडलेला टाइप) कोणी आणि कोठे निवडला, हेही शोधावे लागते.

टाइपचे वजन किती असते, हे बाभळीवरून कळते. अकेशिया हा मोठा जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) एकाच वंशाचा नाही असे अभ्यासातून दिसल्यावर तो विभागणे भाग पडले. या जीनसचा जुना टाइप बाभळीचाच होता. परंतु २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसने (परिषदेने) ऑस्ट्रेलियातील एका प्रजातीला टाइप म्हणून मान्यता दिली. त्यामुळे अकेशिया हे नाव तिकडच्या गटाकडे गेले, आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली आणि खैर सेनेगालिया कटेचू.

मोबाइलवरील अ‍ॅपने सुचवलेले नाव शोधाची सुरुवात म्हणून ठीक आहे, प्रबंधात मुळीच नाही. डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या ठरावीक तुकड्याचा क्रम जुळवून ओळख पटवणे) उपयुक्त आहे, मात्र ज्या नमुन्याचा क्रम तुलनेला घेतला त्याचीच ओळख चुकलेली असेल, तर तुमचा निष्कर्षही चुकतो. पहिल्याच वर्षी नव्या प्रजातीचे आश्वासन देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा तुम्हाला पुन्हा हर्बेरियममध्ये पाठवणारा मार्गदर्शक कितीतरी चांगला, असे माझे ठाम मत आहे.

हे वाचून धीर सोडू नये. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासारख्या संस्थांतील असंख्य टाइप शीट आता घरबसल्या पाहता येतात, आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र, आघारकर संस्था किंवा मुंबईचे ब्लॅटर हर्बेरियम आपल्या आवाक्यात आहे. नव्या प्रजातीचे वर्णन लॅटिनमध्येच करण्याची सक्तीही २०१२ पासून उरलेली नाही. जुनी लॅटिन वर्णने वाचावी लागतात खरी, परंतु त्यांतील शब्द ठरावीक असल्यामुळे हळूहळू ती उलगडू लागतात.

सेरोपेजियाचे फूल दाबले की कोरोना चपटा होतो आणि तुलना करणे कठीण जाते. म्हणून काही फुले स्पिरिटमध्ये ठेवावीत, ताज्या फुलाचा रंग जागेवरच टिपून घ्यावा, आणि शीटचा संकलन क्रमांक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये पसरते.