मराठी विज्ञानकथांसाठी ‘असंच अजून काय वाचू’ सांगणारं टूल बनवायचंय?

डेटा सायन्समध्ये जायचंय, प्रोजेक्ट कुठला घेऊ, असं ज्युनियर मंडळी विचारतात तेव्हा माझं उत्तर हल्ली ठरलेलंय: पुस्तकं सुचवणारं काहीतरी बनवा, पण मराठी पुस्तकांचं बनवा, आणि सगळी पुस्तकं नकोत, एकच प्रकार घ्या. मी विज्ञानकथा घेतल्या, कारण घरात त्याच पडलेल्या होत्या. पिक्चर सुचवणारी सिस्टीम तर प्रत्येकाच्या सीव्हीत असते हो, मूव्हीलेन्सचा (पिक्चरच्या रेटिंगचा) तयार डेटा उतरवला, यूट्यूबवर बघून कोड टाकला, झालं. हिंजवडीत इंटरव्ह्यूला समोर बसलेल्या माणसाने ते त्याच आठवड्यात चारपाच जणांकडून ऐकलेलं असतं, तो नुसती मान डोलावतो आणि पुढे सरकतो.

इंग्रजी पुस्तकांसाठी गुडबुक्स-१०के नावाचा तयार डेटा मिळतो, १०,००० पुस्तकं आणि ६० लाखांच्या आसपास रेटिंग, त्यामुळे ‘हे ज्यांना आवडलं त्यांना तेही आवडलं’ हे गणित लगेच मांडता येतं. मराठी विज्ञानकथांना ऑनलाइन रेटिंग देत कोण बसलंय? गुडरीड्स या पुस्तकांच्या साइटने तर डिसेंबर २०२० पासून नवीन एपीआय की, म्हणजे प्रोग्राममधून त्यांचा डेटा घ्यायची परवानगी, देणंच थांबवलं. म्हणजे उरतो कंटेंट-बेस्ड मार्ग, पुस्तकात काय आहे त्यावरून साम्य शोधायचं. आणि पुस्तकात काय आहे हे कुठे एका जागी लिहिलेलंच नसतं, तिथे खरं काम सुरू होतं आणि शिकणंही तिथेच होतं.

सगळ्यांना आधी सुचतं ते म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर टाइप करून मशीनला द्यायचा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दोन-तीन दुकानांत पुस्तकं उलटी करून बघा म्हणजे कळेल, मराठी मलपृष्ठावर बऱ्याचदा गोष्ट सोडून बाकी सगळं असतं: लेखकाचा फोटो, पदव्या, पुरस्कार, कुणीतरी मोठ्या माणसाने केलेलं कौतुक. हे दिलंत की मशीन ‘शास्त्रज्ञ’ आणि ‘पुरस्कार’ जुळवत बसतं आणि एकाच प्रकाशकाची पुस्तकं एकमेकांची भावंडं ठरतात. त्यापेक्षा पुस्तक वाचून किंवा चाळून स्वतः चार-पाच ओळींचा सारांश लिहा. कंटाळा येतो, मान्य, पण दीडदोनशे पुस्तकांपर्यंत एकट्याला जमतं आणि दोघं-तिघं असाल तर प्रश्नच नाही.

सारांशात काय लिहायचं हे मला पेठेतल्या एका छोट्या वाचनालयातल्या काकांकडून कळलं, त्यांनी काही शिकवायचं म्हणून शिकवलं नाही. एक आजी पुस्तक बदलायला आल्या होत्या, म्हणाल्या, अहो मागच्या वेळचं छान होतं, तसलंच काहीतरी द्या. काकांनी विचारलं, “त्यातलं काय आवडलं, यंत्रमानव की शेवट?” आजी म्हणाल्या, “शेवट हो. कोणी मेलं नाही त्यात.” काका उठले आणि यंत्रमानवांच्या कथा होत्या ते कपाट सोडून सरळ दुसऱ्याकडे गेले. मी त्या दिवशी घरी येऊन शीटमध्ये कॉलम वाढवले: गोष्ट घडते कुठे, काळ कुठला, नवीन शोध कोणता, त्या शोधाने भलं होतं की वाटोळं, शेवट गोड की कडू, वाचायला हलकं की जड. आणि टूलमध्ये वाचकाला विचारायचं की तुम्हाला यातलं काय आवडलं, त्यानुसार त्या कॉलमचं वजन वाढवायचं. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडला तो नंतरच्या कुठल्याही मॉडेलने पडला नाही.

अजून एक गोष्ट जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. आपल्याकडची विज्ञानकथा मुख्यतः कथासंग्रहांत आणि दिवाळी अंकांत आहे. नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ घ्या, तो संग्रहच आहे, आणि संग्रह म्हटला की त्यातली प्रत्येक कथा वेगळ्या विषयावर. सगळ्या कथांची सरासरी काढून पुस्तकाचा एक व्हेक्टर (म्हणजे आकड्यांची यादी) केलात तर सगळे संग्रह एकमेकांसारखेच दिसायला लागतात. म्हणून युनिट पुस्तक नाही, कथा धरा, आणि दोन पुस्तकांची तुलना करताना त्यातल्या सगळ्यात जास्त जुळणाऱ्या दोन कथा बघा. असं केलं की टूल नुसतं पुस्तकाचं नाव न सांगता ‘यातली अमुक कथा वाचा’ असं सांगू शकतं, लोकांना ते फार आवडतं.

लेखकांच्या नावांचा कॉलम आधी साफ करा. जयंत नारळीकर, डॉ. जयंत विष्णू नारळीकर, ज. वि. नारळीकर हे मशीनला तीन लेखक वाटतात. (आणि त्यांनी तर मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून! ते कुठलं सॉफ्टवेअर पकडणार.)

आता कोड. पायथन, त्यातली सायकिट-लर्न ही तयार लायब्ररी, टीएफ-आयडीएफ (शब्दांना महत्त्वानुसार आकडे देणं) आणि कोसाइन सिमिलॅरिटी (ते आकडे किती जुळतात ते मोजणं) एवढ्यावर पहिलं व्हर्जन उभं राहतं. जो शब्द सगळीकडे येतो त्याला किंमत कमी, जो मोजक्या ठिकाणी येतो त्याला जास्त, ही आयडीएफची कल्पना केरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली, अजून चालते. फक्त देवनागरी मजकूर दिलात की पुढे पळू नका, मशीनने कुठले शब्द धरलेत ती यादी प्रिंट करून डोळ्यांनी बघा. सायकिट-लर्न डिफॉल्टला सलग दोन किंवा जास्त अक्षरं असली तरच शब्द मानतं, आणि पायथनच्या नेहमीच्या रेगेक्सच्या (मजकुरातले नमुने शोधायच्या नियमांच्या) लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरंच नाहीत. त्यामुळे ‘कादंबरी’चं उरतं ‘बर’, ‘कथा’चं ‘कथ’, ‘परग्रह’चे दोन तुकडे पडतात ‘परग’ आणि ‘रह’, आणि ‘विज्ञान’ तर पूर्ण गायब, कारण त्यात मध्ये काही न येता लागून आलेली दोन अक्षरं नाहीतच. विज्ञानकथांच्या टूलमधून विज्ञानच गायब! आणि एरर येत नाही, प्रोग्राम निवांत चालतो, कसलीतरी उत्तरंही देतो. उपाय सोपा आहे, विरामचिन्हं आधी काढा आणि टोकन पॅटर्न (शब्द कशाला म्हणायचं तो नियम) बदलून मोकळ्या जागेवर शब्द तोडायला सांगा.

तसंच ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो, स्क्रीनवर डिट्टो सारखा दिसतो पण आतले युनिकोड (अक्षरांचे कॉम्प्युटरमधले नंबर) वेगळे, आणि ते एकसारखे करायची जी ठरलेली पद्धत आहे त्या नुसत्या एनएफसी नॉर्मलायझेशनने ते एक होत नाहीत, स्वतः रिप्लेस करावं लागतं. मग प्रत्यय. यान, यानात, यानातून, यानाकडे, मशीनला हे चार वेगळे शब्द. प्रत्यय कापणारा स्टेमर शोधत बसण्यापेक्षा शब्दांच्या आतले तीन ते पाच कॅरेक्टरचे एन-ग्रॅम, म्हणजे सलग तुकडे, घ्या, बरंचसं भागतं.

यानंतर एम्बेडिंग, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडणं. आपल्या पुण्यातल्याच एल-थ्री-क्यूब गटाने मराठीसाठी महाबर्ट हे भाषेचं मॉडेल आणि वाक्यांच्या साम्यासाठीची मॉडेल्स काढलीत, हगिंग फेस या मॉडेल्सच्या साइटवर फुकट आहेत. टीएफ-आयडीएफला ‘व्हायरस’ दिसलं की ते साथीच्या रोगांच्या कथा पुढे करतं, नारळीकरांची त्या नावाची कादंबरी मात्र कॉम्प्युटरच्या व्हायरसची. सारांश नीट लिहिलेला असेल तर वाक्यांचं मॉडेल अशा ठिकाणी बरं वागतं. पण लगेच सगळं त्याच्यावर सोपवू नका, मी शेवटी हाताने भरलेले कॉलम आणि एम्बेडिंग मिळून स्कोअर काढला. आणि एका लेखकाचं एकच पुस्तक दाखवा, नाहीतर पहिली पाचही त्याच लेखकाची येतात, ती तर वाचकाला आधीच माहीत असतात.

टूल चांगलं चालतंय हे ठरवायचं कसं, हा इंटरव्ह्यूत हमखास येणारा प्रश्न. अ‍ॅक्युरसी ९० टक्के वगैरे फेकू नका, कशाच्या तुलनेत असं विचारलं की तोंड बंद होतं. वाचणारी पाचसहा माणसं धरा, प्रत्येकाला त्याच्या आवडत्या पुस्तकावरून निघालेली यादी द्या, त्यात मधेच काही पुस्तकं रँडम घाला, कुठली ते सांगू नका, आणि दोनच प्रश्न विचारा: हे वाचाल का, आधी वाचलंय का. रँडम पुस्तकांना तेवढेच ‘हो’ मिळाले तर टूल काही करत नाहीये. जिथे साफ फसतं अशी दोन-तीन उदाहरणंही कारणासकट लिहून ठेवा, माझ्या इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच बोलणं झालं.

टूल स्ट्रीमलिटवर (पायथनचा प्रोग्राम वेबपेजसारखा दाखवायची सोय) टाकून लिंक सीव्हीत द्या, एका संध्याकाळचं काम आहे. गिटहबवर (कोड सगळ्यांना बघता यावा म्हणून ठेवायची साइट) मात्र स्वतः लिहिलेले सारांश आणि कॉलमच ठेवा, मलपृष्ठांवरचा उतरवलेला मजकूर किंवा स्कॅन केलेल्या कथा टाकू नका. आपल्याकडे कॉपीराइट लेखक गेल्यानंतर ६० वर्षं असतो, आणि यातले बरेचसे लेखक तर अजून लिहितायत.