लॅपटॉपवर बिल्ड पास, सर्व्हरवर फेल: माझा अनुभव

रत्नागिरीत हापूसच्या बागेसाठी मातीचा ओलावा मोजणारं बोर्ड बनवतोय, एसटीएम३२एफ१०३सी८ या मायक्रोकंट्रोलर चिपवर, तिची फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची जागा) फक्त ६४ केबी. लॅपटॉपवर बिल्ड (कोडपासून चिपवर टाकायचा प्रोग्रॅम बनवणं) व्यवस्थित, बिल्ड सर्व्हरवर मात्र दरवेळी लाल, म्हणजे फेल. लॉगच्या शेवटी नुसतं मेक (बिल्ड चालवणारं टूल) एरर दिसतं, त्यावर वेळ घालवू नका, वर जाऊन पहिली एरर शोधा, तिथे होतं ‘रीजन फ्लॅश ओव्हरफ्लोड’, म्हणजे प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये मावत नाही. मग व्हर्बोज (प्रत्येक कमांड पूर्ण दाखवणारा मोड) ऑन करून दोन्हीकडच्या लिंकर (सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवणारं टूल) कमांड शेजारी शेजारी ठेवल्या, तर सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये नॅनो स्पेक्सचा (छोटी लायब्ररी वापरायला सांगणारा) फ्लॅगच नाही, म्हणजे न्यूलिब या सी लायब्ररीची मोठी आवृत्ती लिंक होत होती, मॅप फाईलमध्ये (कशाने किती जागा घेतली त्याची यादी) मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफ फंक्शनने केवढी जागा खाल्लीय ते सरळ दिसलं. फ्लॅग टाकला, बिल्ड हिरवा. आता दोन्हीकडे एकच मेकफाईल (बिल्डच्या सूचनांची फाईल), कंपायलर व्हर्जनपण एकच, आणि प्रत्येक बिल्डनंतर प्रोग्रॅमची साईज छापतो.