एआयच्या काळात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग: घ्यायचं की नाही?

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की गावातल्या, नात्यातल्या पोरांचे फोन सुरू होतात. आधी विचारायचे, 'ताई, कॉम्प्युटर घेऊ की मेकॅनिकल?' हल्ली विचारतात, 'ताई, कोडिंग एआयच करतंय म्हणे, मग घरच्यांचे एवढे पैसे घालवू का?' फोनवर याचं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

मी डिप्लोमा करून 2021 मध्ये थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटरला आले आणि 2024 मध्ये पास होऊन पुण्यात नोकरीला लागले. तिसऱ्या वर्षाला असताना, नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं. त्यामुळे त्याच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही शिक्षण आमच्या बॅचने पाहिलंय.

आधी नोकऱ्यांचं बोलू. 2021-22 मध्ये आयटीत धडाक्यात भरती झाली. एकट्या टीसीएसने त्या वर्षी लाखाच्या घरात फ्रेशर घेतले. पुढे अमेरिकेत व्याजदर वाढले, तिथल्या ग्राहकांनी हात आखडता घेतला आणि 2023-24 या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या 60 हजारांहून जास्त घटली. आमच्या प्लेसमेंटचं वर्ष नेमकं तेच. तेव्हा सगळे 'एआयने नोकऱ्या खाल्ल्या' म्हणत होते, पण ती घट मुख्यतः आधीच्या जादा भरतीची आणि मंदावलेल्या कामाची होती. जुलै 2025 मध्ये टीसीएसने साधारण 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या वर लोक कमी करायचं जाहीर केलं. त्यातले बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतले होते. म्हणून बातमी वाचली की नोकरी नेमकी कुणाची गेली आणि कशामुळे गेली, एवढं तरी बघा.

भीती अगदीच खोटी आहे, असंही मी म्हणणार नाही. फ्रेशरला सुरुवातीला जी कामं मिळायची, छोटे बग (कोडमधल्या चुका) काढणं, टेस्ट केस (कोड तपासायच्या चाचण्या) लिहिणं, साधी फॉर्मची पानं, ती आता एआय पटापट करून देतं. आणि त्याच कामांवर हात बसायचा. मला खरी काळजी याचीच वाटते.

पण रोज काम करताना काय दिसतं, तेही सांगते. मध्यंतरी आमच्याकडे बुकिंगचा कोड एआयकडून लिहून घेतला होता. किती जागा शिल्लक आहेत ते वाच, शून्यापेक्षा जास्त असतील तर एक कमी कर, बुकिंग नोंदव. वाचायला स्वच्छ, सगळ्या टेस्ट पास. आता समजा शेवटची एकच जागा उरलीय आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. पहिल्याने आकडा वाचला: एक. त्याने तो कमी करून लिहायच्या आत दुसऱ्यानेही वाचला: एक. दोघांनाही जागा मिळाली! उपाय सोपा आहे. वाचणं आणि लिहिणं वेगळं न ठेवता एकाच अपडेटमध्ये 'शिल्लक असेल तरच कमी कर' ही अट घालायची, किंवा ट्रान्झॅक्शनमध्ये (जिथे सगळ्या पायऱ्या एकत्र पूर्ण होतात, नाहीतर एकही होत नाही) ती रो, म्हणजे टेबलमधली ती नोंद, काम होईपर्यंत लॉक करायची. सांगितल्यावर एआयनेही लगेच दुरुस्त करून दिलं. पण सांगायला आधी ते दिसावं लागतं, आणि ते दिसलं ऑपरेटिंग सिस्टिममधल्या क्रिटिकल सेक्शनमुळे (कोडचा असा भाग, जिथे एका वेळी एकानेच शिरायचं) आणि डीबीएमएसमधल्या, म्हणजे डेटाबेसच्या विषयातल्या, ट्रान्झॅक्शनमुळे. परीक्षेपुरते पाठ करून आपण सोडून देतो, तेच हे धडे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कॉम्प्युटर घ्या, पण 'असं का होतंय' याच्या मागे तासन्‌तास बसायची तयारी असेल तर घ्या. नुसत्या पॅकेजकडे बघून येणार असाल तर थांबा. मोठ्या भरतीतलं फ्रेशरचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय.

डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, नेटवर्क्स या चार विषयांत कुचराई नको. प्रॅक्टिकलचा कोड आधी स्वतः लिहा, अडला तर एरर पूर्ण वाचा, मगच एआयला विचारा. जर्नल कॉपी करायची पद्धत जुनीच आहे, पण आता अख्खा प्रोजेक्ट एका संध्याकाळी तयार होतो. मुलाखतीत मात्र पहिलाच प्रश्न येतो, 'हे टेबल असं का केलंस?' तिथे गप्प बसावं लागलं तर प्रोजेक्ट कितीही देखणा असो, उपयोग नाही. छोटा करा, पण त्यातली ओळ न्‌ ओळ सांगता आली पाहिजे.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांना तर एआयचा मोठाच आधार आहे. वर्गात इंग्रजीतून डेडलॉक (दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत अडकून पडणं) डोक्यावरून गेला, तर रात्री खोलीवर बसून 'मराठीत, उदाहरण देऊन सांग' म्हणायचं. दहा वेळा विचारलं तरी कुणी हसत नाही. आमच्या वेळी हे पहिल्यापासून असतं तर किती पोरांचा न्यूनगंड गेला असता! फक्त उत्तर पुस्तकाशी ताडून बघा. ते चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगतं.

'कॉम्प्युटर की एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्सची ब्रँच)?' यावर फार डोकं लावू नका, पाया बराचसा सारखाच आहे. कॉलेज मात्र पारखून घ्या. ब्रँचमधल्या जागांवरची कमाल मर्यादा एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय संस्था) 2024-25 पासून काढल्यावर बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, पण शिकवणारे तेवढे वाढले का, ते बघायला हवं. कॅप राउंडचा (प्रवेशाच्या केंद्रीय फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एकदा कॉलेजात जाऊन या आणि शिक्षकांपेक्षा शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला. लॅब संध्याकाळी उघडी असते का, विचारा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर मोठा आकडा दिसला तर तो ऑफरचा आहे की मुलांचा, हेही विचारा. एकाच मुलाच्या दोन-तीन ऑफर त्यात मोजलेल्या असू शकतात. आणि त्यातले किती जण प्रत्यक्ष जॉइन झाले, हे विचारल्याशिवाय निघू नका. आमच्या आधीच्या बॅचमधली काही मुलं ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगची तारीख येईल म्हणून कितीतरी महिने घरी बसून होती.